डब्यातले फायबर आणि चाळणीवरचा कोंडा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका छप्पन्न वर्षांच्या आहेत. मूळच्या मंगळवेढ्याकडच्या, आता पुण्याजवळ मुलाच्या कुटुंबासोबत राहतात. माहेरून दरवर्षी ज्वारी येते आणि दोन्ही वेळच्या जेवणात भाकरी असते. अलीकडे यजमानांची साखर सीमारेषेवर आढळली, सुनेचे हिमोग्लोबिन ९.८ निघाले आणि डॉक्टरांनी सर्वांनाच 'आहारात फायबर वाढवा' असे सांगितले. त्यावर सुनेने 'अँटिऑक्सिडंटयुक्त फायबर' पावडरीचा डबा आणि सोबत अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल मागवल्या. महिन्याचा खर्च अडीच हजारांच्या घरात जातो. पत्रलेखिकेचा प्रश्न असा: "आमच्या भाकरीत नाही असे या डब्यात काय आहे? मी बोलले तर जुनाट ठरते, न बोलले तर पैसे जातात. (भाकरी मऊ व्हावी म्हणून मी पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून घेते, कारण सासूबाईंना कवळी आहे.)" पत्राखाली त्यांनी डब्यावरील घटकांची यादी उतरवून दिली आहे आणि ता. क. मध्ये आणखी एक प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर शेवटी येईल.

ताई,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात लिहिले आहे. डब्याच्या बाजूने आणि भाकरीच्या बाजूने जो वाद तुमच्या घरात चालला आहे, त्याचा बराचसा निकाल त्या मैद्याच्या चाळणीवर लागतो. म्हणून सुनेच्या डब्याकडे वळण्याआधी मी तुमच्या परातीकडे येते, याचा राग मानू नका.

ज्वारी असो वा गहू, दाण्याचे ढोबळ तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा, टोकाशी असलेला अंकुर आणि आतला पांढरा पिठूळ भाग. गव्हात हा पिठूळ भाग वजनाने चार-पंचमांशाच्या आसपास भरतो, आणि उरलेल्या थोड्याशा कोंड्यात व अंकुरात दाण्यातले बहुतेक तंतू (म्हणजेच फायबर), बरीचशी खनिजे आणि बहुतांश अँटिऑक्सिडंट द्रव्ये (पेशींना इजा करू शकणाऱ्या 'मुक्त मूलक' नावाच्या अस्थिर रेणूंना निष्प्रभ करणारी) साठवलेली असतात. निसर्गाच्या दृष्टीने हे सरळ आहे. ऊन, कीड, बुरशी यांच्याशी पहिली गाठ सालीची पडते, म्हणून संरक्षणाची सामग्री दाणा सालीतच ठेवतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०.२ ग्रॅम, बाजरीत ११.५ ग्रॅम, नाचणीत ११.२ ग्रॅम आणि गव्हाच्या आट्यात ११.४ ग्रॅम तंतू असतात. त्याच गव्हाच्या मैद्यात ते २.८ ग्रॅमवर येतात. मधल्या साडेआठ ग्रॅमचा फरक चाळणीने केलेला असतो.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीतकाबद्दल. फायबर ही एक वस्तू, अँटिऑक्सिडंट ही दुसरी, आणि डब्यात कोणीतरी दोन्ही एकत्र करून दिल्या आहेत, अशी तुमची आणि सुनेची समजूत झालेली दिसते. धान्याच्या बाबतीत या दोन गोष्टी मुळातच एकमेकींना बांधलेल्या असतात. गव्हाच्या आणि मक्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते. ज्वारी-बाजरीतही ते आढळते. गव्हात या आम्लाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग मोकळा नसतो, तर पेशीभित्तिकेतल्या तंतूंना रासायनिक बंधाने जखडलेला असतो. जुन्या प्रयोगशाळांमध्ये धान्य अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवून जे सुटेल तेवढेच मोजत असत, त्यामुळे हा जखडलेला साठा मोजमापातून निसटत असे आणि 'अँटिऑक्सिडंट म्हणजे फळे-भाज्या, धान्यात विशेष काही नाही' असा समज पुष्कळ वर्षे टिकला. स्पेनमधील संशोधक फुल्हेन्सिओ सावरा-कालिक्स्तो यांनी १९९८ मध्ये 'अँटिऑक्सिडंट तंतू' अशी स्वतंत्र संकल्पनाच मांडली. ती त्यांनी मांडली द्राक्षांचा रस काढून उरलेल्या चोथ्यावरून. जे फेकले जाते तिथूनच हा विषय सुरू झाला, याची मला नेहमी गंमत वाटते.

ही बांधणी पोटात काय करते, ते थोडे सविस्तर सांगते, कारण डब्याचा हिशोब त्यावरच अवलंबून आहे. मोकळी अँटिऑक्सिडंट द्रव्ये जठरात आणि लहान आतड्यात सुटतात. त्यांतली काही शोषली जातात आणि लवकरच शरीराबाहेर टाकली जातात. तंतूंना जखडलेले फेरुलिक आम्ल मात्र आपले पाचकरस सोडवू शकत नाहीत. ते तंतूंच्या पाठीवर बसून मोठ्या आतड्यापर्यंत जाते. तिथले जीवाणू तंतू आंबवतात, त्यापासून ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्ले तयार होतात, जी आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन आहेत. आणि हेच जीवाणू आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) ते बंध तोडून फेरुलिक आम्ल हळूहळू मोकळे करतात. म्हणजे ज्या ठिकाणी फळांतले काही मोकळे अँटिऑक्सिडंट पोहोचतच नाहीत, त्या ठिकाणी धान्याचा कोंडा ते तासन्‌तास झिरपत ठेवतो. आपण ज्याला 'नुसता चोथा' म्हणतो, तो एका अर्थी पोचवण्याचे वाहन आहे.

आता डबा. तुम्ही उतरवून दिलेल्या यादीत पहिला घटक इन्युलिन आहे, दुसरा माल्टोडेक्स्ट्रिन, मग क जीवनसत्त्व, ग्रीन टीचा अर्क आणि स्वाद. यादीतला क्रम वजनाच्या उतरत्या क्रमाने असतो, हे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. इन्युलिन हे बहुधा चिकोरीच्या मुळापासून काढलेले खरोखरचे फायबर आहे आणि जीवाणूंना ते आवडते, याबद्दल शंका नाही. पण ते शुद्ध करून पांढरे केलेले असल्यामुळे त्याला कोणतेही फेरुलिक आम्ल चिकटलेले नसते. म्हणून 'अँटिऑक्सिडंटयुक्त' हे बिरुद लावण्यासाठी क जीवनसत्त्व आणि ग्रीन टी वेगळे मिसळावे लागले. दाण्यात जे एकत्र असते, ते आधी वेगळे काढून टाकायचे आणि नंतर दुसरीकडचे आणून शेजारी ठेवायचे, असा हा व्यवहार आहे. माल्टोडेक्स्ट्रिन तर स्टार्चपासून बनवलेली पूड आहे. ती रक्तातली साखर झपाट्याने वाढवते, आणि ज्यांच्यासाठी डबा आणला त्या तुमच्या यजमानांनाच ती नको आहे.

डब्यावर एका मापात ५ ग्रॅम फायबर असे लिहिले आहे, असेही तुम्ही कळवले आहे. एका मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागते. न चाळलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी असेल, तर त्यातून तेवढेच ५ ग्रॅम मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे २००० कॅलरींच्या आहारात साधारण ३० ग्रॅम तंतू असावेत. दिवसाला चार भाकऱ्या खाणाऱ्याचे २० ग्रॅम भाकरीतूनच होतात, आणि वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, एखादा पेरू यांतून उरलेले सहज भरून निघतात. अट एकच, पीठ न चाळलेले हवे. मैद्याच्या बारीक चाळणीने चाळलेल्या पिठात किती तंतू उरतात, हे कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही, कारण ते तुमच्या चाळणीवर आणि मनगटावर अवलंबून आहे. एकदा किलोभर पीठ चाळून, वर राहिलेला कोंडा वजनकाट्यावर ठेवून पाहा.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, तुमच्या भाकरीत डब्यापेक्षा जास्त असू शकते, पण सध्या तुम्ही करता त्या भाकरीत ते बहुधा नाही. सुनेला 'आमची भाकरी काय कमी आहे' असे विचारण्याआधी हे आपले आपण कबूल केलेले बरे.

कॅप्सूलबद्दल मात्र मी अधिक ठाम आहे. अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, हे गृहीतक माणसांवर तपासले गेले आहे आणि ते टिकलेले नाही. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्के जास्त आढळला. अशाच स्वरूपाची अमेरिकेतली दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. ज्यांना आपण शत्रू समजतो ते मुक्त मूलक शरीराला काही कामांसाठी हवेही असतात. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी ते मुद्दाम तयार करतात. शिवाय डब्यांवर छापले जाणारे 'अँटिऑक्सिडंट क्षमते'चे आकडे परीक्षानळीतले असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची स्वतःची सूची २०१२ मध्ये मागे घेतली, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा सर्रास गैरवापर होत होता.

हाच नियम मी भाकरीलाही लावते. संपूर्ण धान्य खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळतो, हे वारंवार दिसले आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू खाणाऱ्यांमध्ये सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचे आणि हृदयविकाराचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते. पण याचे श्रेय एकट्या अँटिऑक्सिडंटला देता येत नाही. तंतू, जीवाणू, मॅग्नेशियम, पोट भरल्याची जाणीव आणि असे खाणाऱ्यांची एकूण राहणी, हे सगळे त्यात एकत्र आहे. तेव्हा भाकरीवरही 'अँटिऑक्सिडंटयुक्त' अशी चिठ्ठी चिकटवू नका.

आता चाळणी सोडायची कशी, ते पाहू. तुमची अडचण खोटी नाही. भरड पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते आणि कवळीखाली कण अडकतात. उपाय चाळण्यात शोधण्याऐवजी दळण्यात शोधा. गिरणीवाल्याला दळण बारीक करायला सांगा, गरज वाटल्यास दोनदा फिरवून घ्या, आणि घरी फक्त मोठ्या भोकांच्या चाळणीने काडीकचरा काढा. कोंडा बारीक दळला गेला की तोंडाला लागत नाही आणि जीवाणूंनाही त्यातले फेरुलिक आम्ल सोडवणे सोपे जाते. बारीक पीठ थोडे लवकर पचते, म्हणून यजमानांसाठी हवे तर वेगळे भरडसर दळण ठेवा. दळण आठ-दहा दिवसांपुरतेच आणा, कारण ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि मग दोष कोंड्याला दिला जातो. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, झाकून, कोमट झाल्यावर चांगले मळले, तर न चाळलेल्या पिठाचीही भाकरी तव्यावर टम्म फुगते. तुम्ही मंगळवेढ्याकडच्या आहात, हे मी तुम्हाला शिकवायला नको. पण पुण्यात मुलींना भाकरी शिकवताना पहिल्यांदा चाळणी हातात देणाऱ्या बऱ्याच सासवा मी पाहिल्या आहेत, म्हणून लिहिले.

भाजल्याने सगळे सत्त्व जळून जाते, अशीही एक भीती पत्रात डोकावते. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत ती खरी आहे, फेरुलिक आम्लाच्या बाबतीत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये मधुमका तापवून पाहिला, तेव्हा क जीवनसत्त्व घटले, पण उष्णतेने काही बंध सुटल्यामुळे मोकळे फेरुलिक आम्ल वाढले.

तुमची माहेरची ज्वारी मालदांडी असेल, तर तिचा दाणा मोत्यासारखा पांढरट असतो आणि त्यात टॅनिन जवळजवळ नसतात. लाल किंवा तपकिरी दाण्याच्या काही ज्वाऱ्या प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट म्हणून मालदांडीच्या कितीतरी पुढे जातात. पण तेच टॅनिन तोंड तुरट करतात आणि प्रथिने व लोह धरून ठेवतात. म्हणून गडद ज्वारी शोधत फिरू नका. रंगीत दाणा हवाच असेल तर नाचणी आहे. तिचे टॅनिन तिच्या तपकिरी सालीत असतात, आणि म्हणूनच नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून काढलेले पांढरे सत्त्व दिसायला सुंदर असले, तरी त्यातून ही साल निघून गेलेली असते.

लोहाचा विषय निघाला आहे तर सुनेकडे वळते. इथे कोंड्याची दुसरी बाजू सांगायला हवी. कोंड्यात फायटिक आम्ल असते. लोहाला घट्ट धरून ठेवण्याच्या गुणामुळे ते आतड्यात अँटिऑक्सिडंटचे काम करते, आणि त्याच गुणामुळे जेवणातले लोह शरीराला कमी मिळते. ९.८ हिमोग्लोबिन हा मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय आहे. तो नुसत्या आहाराने भरून येण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांकडून कारण शोधून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. त्या गोळ्या भाकरीच्या जेवणासोबत किंवा चहासोबत घेऊ नयेत, मध्ये दोनेक तासांचे अंतर असावे. तिच्या ताटात लिंबाची फोड रोज हवी, आणि जेवणानंतरचा चहा तासाभराने पुढे ढकलावा. ग्रीन टीचा अर्क लोहाचे शोषण कमी करतो, त्यामुळे तो डबा आणि त्या कॅप्सूल सर्वांत आधी तिनेच बंद करायला हव्यात. अर्काच्या मोठ्या मात्रेने काहींच्या यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे.

फायटिक आम्ल कमी करण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे, ती म्हणजे आंबील. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ रात्री पाण्यात किंवा पातळ ताकात कालवून ठेवले, की आंबताना फायटिक आम्लाचा काही भाग मोडतो आणि तंतूंना जखडलेली काही द्रव्येही सैल होतात. सकाळी ते उकळत्या पाण्यात ओतून, सतत ढवळत, शिजवून घ्यावे; मीठ, जिरे, ठेचलेला लसूण, आणि उतरवल्यावर ताक. सासूबाईंसाठी मी भाकरीपेक्षा हीच सुचवेन, कारण कवळीचा प्रश्नच उरत नाही आणि तंतूंसोबत पाणीही पोटात जाते. मोड आणून, सावलीत वाळवून दळलेल्या नाचणीचे पीठ वापरले तर आणखी चांगले. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि या वयात त्याचा उपयोग आहे.

यजमानांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. भाकरीने साखर वाढत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. न चाळलेल्या ज्वारीतही निम्म्याहून अधिक भाग स्टार्चच असतो. तीन भाकऱ्यांऐवजी दोन, आणि तिसरीच्या जागी उसळ किंवा डाळ-पालेभाजी, असा बदल त्यांना कोणत्याही पावडरीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

घरात तंतू एकदम वाढवू नका. पहिला आठवडा निम्मे चाळलेले आणि निम्मे न चाळलेले पीठ मिसळा, पुढच्या आठवड्यात प्रमाण वाढवा, आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. नाहीतर पोट फुगते, गॅस होतो, आणि घरात 'कोंडा सोसत नाही' असा निकाल लागतो. कोणी थायरॉइडची गोळी घेत असेल, तर ती आणि फायबरची पूड यांत काही तासांचे अंतर हवे. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा आतडे अरुंद असल्याचे निदान झालेल्यांनी हे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

राहता राहिला सुनेशी बोलण्याचा प्रश्न. 'जुनाट ठरते' असे तुम्ही लिहिले आहे, पण तुमच्या पत्रातून मला दिसलेली सून वेगळी आहे. स्वतःचे हिमोग्लोबिन खाली आलेले असताना तिने पहिला डबा सासऱ्यांसाठी मागवला. तिला डॉक्टरांचे एक वाक्य मिळाले आणि तिच्या हाताशी फोन होता. तुमच्या हाताशी ज्वारीचे पोते होते. तेव्हा 'पैसे वाया घालवलेस' इथून सुरुवात करू नका. एखाद्या रविवारी डबा, तुमची चाळणी आणि वजनकाटा ओट्यावर मांडा, तिला यादीतले पहिले दोन घटक वाचायला सांगा, आणि चाळणीवरचा कोंडा तुम्ही तोला. चूक दोघींच्याही बाजूला निघणार आहे, त्यामुळे बोलणे सोपे जाईल.

तुमच्या ता. क. चे उत्तर. महिनाभर साठवलेला कोंड्याचा डबा आता पिठात मिसळू का, असे तुम्ही विचारले आहे. मिसळू नका. कोंड्यासोबत अंकुराचे तुकडे असतात, त्यांत तेल असते, आणि पीठ दळल्यावर हवा लागून ते तेल खवट होऊ लागते. उन्हाळ्यात तर फारच लवकर. झाकण उघडून वास घ्या, चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. कडवट लागला तर सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीच्या खतात जाऊ द्या. यापुढे तो डबा भरायचीच वेळ येणार नाही, तेव्हा घासून त्यात नाचणी भरा.

तुमची,
सदरलेखिका